दोनच पाकिटे मिळतील

काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला खालाकडे महिनाभर राहिलो होतो. कोकणातली बरीच मुस्लिम घरे गेल्या साठेक वर्षांत तिकडे जाऊन स्थिरावली, खालाचे घर त्यातलेच एक. तिचे गुडघे दुखतात, थंडीत जास्तच. एका संध्याकाळी तिने सामानाची यादी दिली. सगळ्यात खाली लिहिले होते, पॅरासिटामॉल. रोज उठून कशाला यायचे, म्हणून मी दुकानातल्या फळीवरून चार पाकिटे उचलली. सोळा-सोळा गोळ्यांची, पावापेक्षाही स्वस्त. गल्ल्यावरच्या बाईने दोन पाकिटे घेतली आणि दोन बाजूला सारली. दोनच मिळतील, म्हणाली. का, असे विचारले तर म्हणाली, कायदा आहे.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आले ते लपवत नाही. माझी दाढी, माझा रंग, माझे उच्चार. महिन्याच्या सुरुवातीलाच विमानतळावर मला रांगेतून बाजूला घेऊन अर्धा तास प्रश्न विचारले होते. आता डोकेदुखीच्या गोळ्यांवरूनही संशय, असे वाटून मी तणतणत घरी आलो. खाला हसली. इथे सगळ्यांनाच दोन मिळतात, म्हणाली, गोऱ्या म्हातारीलासुद्धा. मग जरा आवाज खाली करून तिने मागच्या गल्लीतल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. मुलगी आपल्यातलीच. शाळेचा निकाल लागला, घरात बोलाचाली झाली आणि तिने घरात होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या घेतल्या. घरात एकच पाकीट होते, तेही अर्धे. संध्याकाळी तिने स्वतःच आईला सांगितले. इस्पितळात नेले, सलाइन लावले, काही दिवसांनी घरी आली. आज तिला दोन मुले आहेत. त्या घरात हा विषय कधी निघत नाही, आणि खालानेही मला तो पुन्हा काढू दिला नाही.

परत आल्यावर मी या दोन पाकिटांचा इतिहास शोधायला बसलो. तो बराच मागे जातो.

१८८६ साली स्ट्रासबुर्गमध्ये आर्नोल्ड कान आणि पॉल हेप हे दोन डॉक्टर एका रुग्णाला नॅफ्थलीन देऊन पाहत होते. म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबराच्या गोळीतले द्रव्य. बाटली चुकली, भलतीच पूड आली आणि रुग्णाचा ताप उतरला. ती पूड अ‍ॅसिटॅनिलाइडची होती. ताप उतरवणारे औषध सापडले खरे, पण ते घेऊन माणसाचे ओठ निळे पडत. मग वर्षभरात बायर कंपनीने फिनॅसिटिन आणले. ते जास्त चालले, पण वर्षानुवर्षे रोज घेणाऱ्यांची मूत्रपिंडे त्याने निकामी केली, आणि हे लक्षात यायला अर्धे शतक गेले. पॅरासिटामॉल याच कुटुंबातले. प्रयोगशाळेत ते १८७८ सालीच तयार झाले होते, पण कोणी त्याला विचारले नाही. १९४८ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस अ‍ॅक्सलरॉड यांनी दाखवून दिले की जुन्या दोन्ही औषधांचे शरीरात पॅरासिटामॉल होते आणि गुण येतो तो मुख्यतः त्यामुळेच. १९५६ साली ब्रिटनमध्ये पॅनाडॉल विकायला आले. अ‍ॅस्पिरिनने पोटात जळजळ होते, कधी रक्तस्राव होतो. ही गोळी पोटाला सौम्य. सुरुवातीला डॉक्टरची चिठ्ठी लागे, नंतर तीही लागेनाशी झाली.

‘सौम्य’ या शब्दात फसगत होती. १९६६ साली एडिनबरोच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पहिल्यांदा नोंदवले की ही गोळी मर्यादेबाहेर गेली तर यकृत जळते. नेहमीच्या मात्रेत यकृत तिची नीट विल्हेवाट लावते. थोडा भाग विषारी होतो, पण त्याला निष्प्रभ करणारे द्रव्य यकृताकडेच असते. मात्रा भलती वाढली की तो साठा संपतो आणि विष यकृतावरच उलटते. वाईट म्हणजे हे लगेच कळत नाही. पहिल्या दिवशी माणूस हिंडतो-फिरतो, थोडीफार मळमळ, बाकी ठीक. त्याचा राग उतरलेला असतो, घरच्यांशी बोलणे सुरू झालेले असते, झाले ते विसरून जायची त्याची तयारी असते. कावीळ दिसू लागते ती त्यानंतर. ब्रिटनमधल्या यकृतविभागांच्या डॉक्टरांनी हे पुन्हा पुन्हा लिहून ठेवले आहे की त्यांच्यासमोरच्या खाटेवर पडलेल्या पोराला मुळात मरायचे नव्हतेच.

यावर उतारा सापडला तोही एडिनबरोलाच. लॉरी प्रेस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात अ‍ॅसिटिलसिस्टीन शिरेतून देऊन पाहिले. छातीतला कफ पातळ करायला वापरले जाणारे हे जुने औषध. गोळ्या घेतल्यापासून पहिल्या आठ तासांत ते दिले तर यकृत जवळपास नक्की वाचते. उशीर होत जातो तसा गुण कमी होतो, तरी उशिरा आलेल्यालाही ते देतात. ब्लॅकबर्नच्या त्या मुलीने संध्याकाळीच आईला सांगितले याचे मोल इथे आहे. असे काही घडले, तर ‘आता तर बरी दिसतेय’ म्हणून घरी थांबायचे नसते. कोणाच्या घरी कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

उतारा असूनही ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत ब्रिटनमध्ये आकडे चढत गेले. यकृत अचानक निकामी होण्याचे तिथले सर्वांत मोठे कारण पॅरासिटामॉल ठरले. गोळी वाण्याच्या दुकानात, पेट्रोलपंपावर, कुठेही मिळे. वाण्याकडे एका वेळी चोवीस, औषधांच्या दुकानात हव्या तेवढ्या, शंभराची बाटलीसुद्धा. १९८६ साली लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन देणे बंद झाले, तेव्हा पॅरासिटामॉल आणखी घराघरांत गेले.

ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ कीथ हॉटन यांनी वाचलेल्या रुग्णांना बसून विचारले, तेव्हा एक सरळ गोष्ट पुढे आली. बऱ्याच जणांनी ठरवून, आठवडाभर विचार करून काही केले नव्हते. तासाभरापूर्वी त्यांच्या मनातही नव्हते. भांडण झाले, अपमान झाला, हात कपाटाकडे गेला आणि तिथे जे होते ते घेतले. म्हणजे कपाटात किती होते यावर बरेच काही ठरत होते. फ्रान्समध्ये पाकिटे आधीपासूनच लहान होती, आणि तिथे पॅरासिटामॉलने होणारे मृत्यू ब्रिटनच्या मानाने फार कमी होते.

काहींनी सुचवले की प्रत्येक गोळीतच उतारा मिसळावा. तशी गोळी निघालीही, पण महाग, आणि कोट्यवधी लोकांनी डोकेदुखीसाठी एक जास्तीचे औषध का खावे, या प्रश्नाला उत्तर नव्हते. शेवटी सरकारने सोपी वाट धरली. १९९७ साली नियम केले आणि १६ सप्टेंबर १९९८ पासून ते लागू झाले. साध्या दुकानात पाकीट सोळाचे, औषधांच्या दुकानात बत्तीसचे. अ‍ॅस्पिरिनलाही हाच नियम. चिठ्ठीशिवाय एका खरेदीत शंभराच्या वर गोळ्या विकणे गुन्हा. माझ्या त्या बाईने सांगितलेला ‘कायदा’ मात्र तंतोतंत कायदा नव्हता. एका वेळी दोनच पाकिटे, ही औषध-नियंत्रकांची सूचना आहे. दुकानदार ती पाळतात.

नियम आला तेव्हा पुष्कळांनी त्याची टर उडवली. सोळा इथे घ्यायच्या आणि सोळा पलीकडच्या दुकानात, कोण अडवणार? प्रश्न बिनतोड आहे. खरेच कोणी अडवत नाही. खालाच्या स्वयंपाकघरात बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मी स्वतः सात पाकिटे मोजली. दर खेपेला दोन आणायची, दुखले तर एखादी गोळी घ्यायची, बाकीच्या डब्यात. असे डबे त्या गावात किती असतील!

तरीही आकडे खाली आले. हॉटन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली इंग्लंड आणि वेल्सच्या अकरा वर्षांच्या नोंदी मांडल्या. पॅरासिटामॉलने होणारे आत्महत्येचे मृत्यू, जुना कल तसाच राहता तर जितके झाले असते, त्यापेक्षा ४३ टक्क्यांनी कमी होते. अकरा वर्षांत अंदाजे ७६५ माणसे. या कारणाने यकृतरोपणासाठी नाव नोंदवावे लागणाऱ्यांची संख्या ६१ टक्क्यांनी घटली. यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांना त्यांच्या नोंदींत असा फरक दिसला नाही. २००७ सालच्या एका अभ्यासाने दाखवले की त्याच काळात इतर औषधांनी होणारे मृत्यूही कमी होत होते, मग सारे श्रेय पाकिटाला कसे द्यायचे? मला स्वतःला वाटते, श्रेय सगळे नसले तरी बरेचसे पाकिटाचेच आहे, आणि त्याचे कारण पॅरासिटामॉलच्याही आधी ब्रिटनमध्येच घडून गेले होते.

१९६० च्या सुमारास ब्रिटनच्या घराघरांत स्वयंपाकाला कोळशापासून काढलेला गॅस येई. त्यात कार्बन मोनॉक्साइड असे, म्हणजे प्रत्येक स्वयंपाकघरात नळीतून विष येत होते. १९६३ साली इंग्लंड-वेल्समध्ये ५,७१४ आत्महत्या झाल्या, त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून जास्त या गॅसने. पुढे १९६५ साली उत्तर समुद्राखाली नैसर्गिक वायू सापडला. त्यात कार्बन मोनॉक्साइड नव्हता. दहाएक वर्षांत सरकारने घरोघरी चुली बदलल्या. हे सगळे पैशाच्या हिशेबाने झाले, जीव वाचवायचा विचार त्यात कोणाच्या मनात नव्हता. १९७५ साली आत्महत्यांचा आकडा ३,६९३ वर आला. गॅसने जवळपास कोणी मरत नव्हते, आणि गॅस गेला म्हणून ती सगळी माणसे दुसऱ्या वाटेने गेली असेही झाले नाही. १९७६ साली एडिनबरोच्या नॉर्मन क्राइटमन यांनी हे मांडले तेव्हा अनेकांना पटेना. ज्याला मरायचे तो मरणारच, ही समजूत फार जुनी आहे. आपल्याकडेही ती सगळ्यांच्या तोंडी असते.

या समजुतीतूनच कायदे निघाले होते. इंग्लंड-वेल्समध्ये १९६१ पर्यंत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता. इस्पितळातून बरा होऊन उठलेल्या माणसाला न्यायालयात उभे करत. तोच गुन्हा इंग्रजांनी आपल्या दंडविधानात कलम ३०९ म्हणून लिहून ठेवला आणि तो आपण दीडशे वर्षे सांभाळला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार काढली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलम राहिले नाही. पण घरातली भीती कलमाबरोबर जात नाही. आपल्या मोहल्ल्यात असे काही घडले की घरचे ‘हार्ट फेल’ म्हणून सांगतात. जनाजा कोण पढवणार, लोक काय म्हणतील, बहिणीचे लग्न कसे होणार. खुदकुशी हराम आहे हे माहीत नसलेले मूल आपल्याकडे नसेल. ब्लॅकबर्नच्या त्या मुलीलाही ते माहीत होते; त्या दुपारी ते तिला आठवले नाही. तिचे नशीब इतकेच की कपाटात अर्धे पाकीट होते आणि आई हाकेच्या अंतरावर होती.

ब्रिटनने यानंतर आणखी एक पाऊल टाकले. को-प्रॉक्सामॉल नावाची पॅरासिटामॉल आणि डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन यांची जोडगोळी डॉक्टर सर्रास लिहून देत. थोडीशी जास्त झाली तरी ती जिवावर बेते, तीही इतक्या लवकर की इस्पितळ गाठता येत नसे. २००५ साली ती बंद करण्याचे जाहीर झाले आणि २००७ अखेर ती बाजारातून गेली. जुनी दुखणी असलेले रुग्ण रागावले. त्यांचे म्हणणे होते की दुसऱ्या कुणाच्या चुकीची शिक्षा आमच्या सांध्यांना का? याला समाधानकारक उत्तर कोणी दिल्याचे मला आढळले नाही. भारतात डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीनची विक्री २०१३ च्या मे महिन्यात थांबवण्यात आली. ऑस्ट्रेलियाने १ फेब्रुवारी २०२५ पासून वाण्याच्या दुकानातले पाकीट वीसवरून सोळावर आणले.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. गावी परतल्यावर मुद्दाम नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन पाहिले. चार पत्ते मागितले, मुलाने मोबाइलवरून मान वर न करता चार पत्ते पुढे केले. आपल्या औषध नियमांच्या अनुसूची ‘के’मध्ये तर अशी सूट आहे की हजारपर्यंत वस्तीच्या खेड्यात अ‍ॅस्पिरिन आणि पॅरासिटामॉल विकायला परवानाही लागत नाही. मला यात दोष दिसत नाही. जिथे डॉक्टर वीस किलोमीटरवर आहे तिथे रात्री पोराला ताप आला तर वाण्याकडे गोळी मिळालीच पाहिजे. या गोळीवर आपल्याकडे पहारा बसला तो करोनात. २०२० च्या एप्रिलमध्ये तेलंगण आणि आंध्रात ताप-खोकल्याचे औषध घेणाऱ्याचे नाव-पत्ता-फोन लिहून घ्यायचे आदेश निघाले, कारण सरकारला ताप लपवणारे शोधायचे होते. ज्या दिवसांत तबलिगीच्या नावाने आपल्याकडे भाजीवाल्यांची नावे विचारली जात होती, त्या दिवसांत आपले नाव लिहून देऊन गोळी घ्यायला माणूस दहादा विचार करणार. ब्लॅकबर्नच्या दुकानात मला जे वाटले होते ते उगीच वाटले नव्हते. पण तिथे माझे नाव कोणी विचारले नाही, फक्त पाकिटे मोजली.

महाराष्ट्राच्या खेड्यात रागाच्या भरात हात जातो तो फवारणीच्या डब्याकडे. हा डबा घरातच असतो, खाटेखाली किंवा माळ्यावर. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशके एकेक करून बंद केली आणि वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांनी खाली आले. त्याच श्रीलंकेत दुसरा प्रयोगही झाला. हजारो शेतकरी कुटुंबांना औषध कुलपात ठेवायला पेट्या दिल्या, वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. २०१७ साली निष्कर्ष आला की पेट्यांनी फरक पडला नाही. किल्ली घरातच होती. जे दुकानात मिळेनासे झाले त्यानेच फरक पडला. विदर्भातल्या आत्महत्यांवर आपण कर्ज, पाऊस, भाव यांबद्दल बोलतो आणि बोललेच पाहिजे, पण कृषी केंद्राच्या फळीवर काय ठेवलेले असते याबद्दल फारसे बोलत नाही. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘टेली-मानस’ सुरू केले. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. तो मशिदीच्या फलकावर नमाजाच्या वेळांशेजारी लिहिला तर कोणाचे काही बिघडणार नाही.

गेल्या ईदला खालाला फोन केला. गुडघे तसेच आहेत. नातू चौदाचा झाला, खोलीचे दार लावून बसतो, म्हणाली. मी डब्याबद्दल विचारले. तो डबा तिने रिकामा केला होता. दोन पाकिटे ठेवून बाकीची औषधांच्या दुकानात परत दिली. तिकडे नको असलेली औषधे दुकानदाराला परत घ्यावीच लागतात. पैसे मात्र देत नाहीत, याबद्दल तिची तक्रार अजून चालू आहे.